शार्क खोटा दिसला म्हणून सिनेमा फसला नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही सुटलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही 'जॉज' मालिकेतला चौथा सिनेमा पाहिलात, १९८७ चा 'जॉज : द रिव्हेंज'. शार्क जसजसा जास्त दिसायला लागला तसतशी भीती कमी होत गेली आणि शेवटी शेवटी तर खोलीतले सगळे हसायला लागले. इकडे तुमची स्वतःची वीसेक मिनिटांची शॉर्टफिल्म लिहून तयार आहे. कृष्णेच्या काठी, सांगली-औदुंबर पट्ट्यात घडणारी, मगरीची. व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली मगर, परवडत नाही, फार तर फायबरची मगर बनवून घेता येईल. ती खोटी दिसली तर आपलंही असंच हसं होईल का, आणि होणार असेल तर पैसे जमेपर्यंत थांबावं का, असं तुम्ही विचारलंय.

थांबू नका. आणि आहे तो सगळा पैसा फायबरच्या मगरीतही घालू नका.

मी संकलक आहे. थरारक प्रसंग कापणं, म्हणजे शॉट कापून-जोडून ते उभे करणं, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे हे सगळं एडिट टेबलावरून दिसतं तसं सांगतेय. कॅमेरामन किंवा व्हीएफएक्सवाले वेगळ्या टोकाने सुरुवात करतील, त्यांचंही ऐका. पण तुम्हाला निराश करून गेलेल्या सिनेमाचं खापर मासा बनवणाऱ्यांवर फोडलंत, तर तुमच्या फिल्ममध्ये भलत्याच ठिकाणी मेहनत कराल. म्हणून आधी तो सिनेमा नेमका कुठे फसला ते नीट पाहू.

पहिल्या 'जॉज'मधला शार्कही खोटाच होता. १९७५ चा सिनेमा, मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ खऱ्या समुद्रात चित्रीकरण. सुमारे २५ फुटांचे तीन यांत्रिक शार्क बांधले होते. खाऱ्या पाण्याने त्यांची यंत्रणा सारखी बंद पडायची, आणि ५५ दिवसांचं शेड्यूल १५९ दिवसांवर गेलं. शेवटाकडे तो शार्क बोटीच्या मागच्या बाजूवर चढून येतो, तो शॉट आज थांबवून पाहा. जबडा रबराचा आहे हे अजिबात लपत नाही. तरी तिथे कोणी हसत नाही. तोपर्यंत प्रेक्षक इतका गुंतलेला असतो की समोर रबर आहे की मांस हे तपासायला त्याला सवडच मिळत नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर तुम्हाला बऱ्याच जणांकडून मिळेल : शार्क बिघडला, म्हणून तो दाखवता आला नाही, म्हणून सिनेमा भीतीदायक झाला. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. प्राणी लपवून ठेवलेले आणि तरीही कमालीचे कंटाळवाणे सिनेमे ढिगाने सापडतील. हलणारं गवत, अंधार, घाबरलेला चेहरा, पुन्हा गवत. प्राणी दिसत नाही त्या वेळात तुम्ही प्रेक्षकाच्या हातात काय देता, यावर सगळं ठरतं.

पहिल्या सिनेमातला धक्क्यावरचा प्रसंग घ्या. शिकवताना मी तो नेहमी लावते. शार्कवर तीन हजार डॉलरचं बक्षीस लागलेलं असतं. गावातले दोन मध्यमवयीन पुरुष रात्री घरातला मांसाचा मोठा तुकडा घेऊन लाकडी धक्क्यावर येतात, तो गळाला लावून साखळीने धक्क्याला बांधतात आणि पाण्यात सोडतात. थोड्या वेळाने साखळी सरसर जायला लागते, ताणली जाते, आणि धक्क्याचं टोकच मोडून समुद्रात ओढलं जातं. त्याच्याबरोबर दोघांतला एक जण पाण्यात पडतो. इथपर्यंत कुणीही लिहील. पुढचं पाहा. तुटलेला धक्क्याचा तुकडा समुद्राकडे जात असतो, जात असतो, आणि मग थांबून वळतो. किनाऱ्याकडे, त्या पोहणाऱ्या माणसाकडे यायला लागतो. वर उभा असलेला मित्र ओरडत राहतो, मागे बघू नकोस, पोहत राहा. तो माणूस निसरड्या लाकडांवरून घसरत कसाबसा वर येतो आणि वाचतो. संपूर्ण प्रसंगात शार्क एकदाही दिसत नाही, कोणी मरतही नाही.

माझ्या दृष्टीने अख्ख्या सिनेमातला सगळ्यात मोलाचा क्षण तो लाकडाचा तुकडा वळण्याचा आहे. त्यात तीन गोष्टी एकदम कळतात : शार्क किती ताकदवान आहे, आत्ता कुठे आहे, आणि कुठे निघाला आहे. आणि हे कुणी सांगत नाही, तुम्ही स्वतः हिशेब लावता. लाकूड आणि माणूस यांच्यातलं अंतर तुम्ही डोळ्यांनी मोजता. पुढे शार्कला भाल्याने अडकवलेली पिवळी पिंपं येतात तीही याच कामासाठी. पिंप दिसलं की शार्क दिसल्यासारखंच, कारण दोघांचं नातं तुमच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

संगीताबाबतही तसंच. ती प्रसिद्ध दोन सुरांची धून शार्क खरोखर जवळ असतो तेव्हाच वाजते. दोन पोरं शार्कच्या पाठीवरच्या परासारखा पुठ्ठ्याचा खोटा पर घेऊन किनाऱ्यावर गोंधळ उडवतात तेव्हा ती वाजत नाही. प्रेक्षकाच्या ते ध्यानात येतं, शब्दांत नाही आलं तरी कानाला कळतं. आणि एकदा सवय लागली की मग पोलीसप्रमुख ब्रॉडी बोटीच्या मागे उभा राहून पाण्यात आमिष टाकत असताना शार्कचं डोकं अचानक वर येतं, धून न वाजता. नियम आधी इमानाने पाळला होता, म्हणून तो मोडल्यावर खुर्चीतून उडायला होतं. हा सिनेमा व्हर्ना फील्ड्स यांनी संकलित केला आणि त्यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. माझ्या मते ते या शिस्तीचं ऑस्कर होतं.

आता १९८७ कडे येऊ. आधी त्या लोकांना न्याय देते, कारण त्यांच्याबद्दल फार सहज वाईट बोललं जातं. दिग्दर्शक जोसेफ सार्जंट कच्चा माणूस नव्हता. न्यूयॉर्कमधल्या भुयारी रेल्वेच्या अपहरणावरचा १९७४ चा अतिशय घट्ट थरारपट त्याचाच. मायकेल केनसारखा नट होता. पण फेब्रुवारी १९८७ मध्ये चित्रीकरण सुरू झालं आणि जुलैत सिनेमा थिएटरात लागला. पाण्यावरचा, यांत्रिक प्राण्याचा सिनेमा इतक्या वेळात शूट करून, कापून, आवाज बसवून बाहेर काढायचा म्हणजे एडिटमध्ये चुका सापडल्या तरी दुरुस्त करायला जागाच राहत नाही. मायकेल केनचं पात्र समुद्रातून पोहत येऊन बोटीवर चढतं तेव्हा त्याचा शर्ट कोरडा दिसतो, ही लोकांनी हसून हसून सांगितलेली चूक. एडिटच्या खोलीत ती कुणाला दिसली नसेल असं मला वाटत नाही. दुसरा शॉटच नसेल तर संकलक काय लावणार?

शिवाय त्या सिनेमाची सुरुवात वाईट नाही. नाताळची रात्र, बर्फ, पहिल्या सिनेमातलंच ॲमिटी गाव. ब्रॉडीचा धाकटा मुलगा शॉन आता तिथेच पोलिसात आहे. पाण्यात अडकलेला ओंडका काढायला तो एकटा बोटीने जातो आणि शार्क त्याचा हात तोडतो. तो जिवाच्या आकांताने ओरडतो, पण किनाऱ्यावर नाताळची गाणी चालली आहेत, आणि त्या गाण्यांत त्याचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. किती छान कल्पना आहे ही! मदत शंभर पावलांवर आहे आणि पोहोचत नाही. ती कल्पना आवाजाने पेलता आली असती. गाणं किनाऱ्यावरून ऐकवलं असतं, त्याचं ओरडणं गाण्याखाली दबलेलं ठेवलं असतं, आपल्याला फक्त लांबून हेलकावणारी बोट दिसली असती. तिथे शार्क जितका थोडा, तितकं ते ओरडणं जड झालं असतं. पण सिनेमा घाई करतो. हल्ला जवळून दाखवतो, आणि शार्क पहिल्या काही मिनिटांतच खर्च होतो.

तरी तेवढ्याने सिनेमा पडला नसता. तो पडतो नियम मोडल्यामुळे. शॉनची आई एलन बहामाज बेटांवर मोठ्या मुलाकडे जाते आणि शार्क तिच्या मागे तिथे पोहोचतो, सूड घ्यायला. यावर लोकांचा पहिला आक्षेप अंतराचा असतो, आणि तो तितकासा बरोबर नाही. ॲमिटी जिथे आहे तो अमेरिकेतला न्यू इंग्लंडचा किनारा ते बहामाज साधारण १९०० किलोमीटर. 'निकोल' नाव दिलेली एक पांढरी शार्क दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियापर्यंत सुमारे ११,००० किलोमीटर पोहून गेल्याची नोंद आहे, तेही ९९ दिवसांत. म्हणजे अंतर कापणं शक्य आहे. न पटणारी गोष्ट ही की हा शार्क एका कुटुंबाला ओळखतो. सिनेमाच्या पुस्तकरूपात या सूडामागे जादूटोण्याचा धागा घालून कारण पुरवलं आहे, यावरून लिहिणाऱ्यालाही ती फट दिसत होती हे कळतं.

या सूडाने एडिटमध्ये काय होतं ते पाहा, कारण तुमच्या कामाचं ते आहे. पहिल्या सिनेमात पाण्यात पाय टाकणारा प्रत्येक माणूस धोक्यात असतो. समुद्रकिनाऱ्यावर शंभर माणसं असली तर प्रेक्षकाची नजर शंभर ठिकाणी फिरते. सूड आला की तीच नजर ब्रॉडी कुटुंबातल्या चार-पाच माणसांवर येऊन थांबते. बाकीचे पाण्यात असले काय, नसले काय. त्यात एलनला शार्क जवळ आल्याची आतून जाणीव होते. म्हणजे पाण्यावर लक्ष ठेवायचं प्रेक्षकाचं कामही सिनेमाने काढून घेतलं. एलन दचकली की शार्क आला, नाही दचकली की नाही आला. मग आपण पाण्याकडे बघायचंच कशाला? भरीस भर म्हणजे शेवटाला तिला नवऱ्याने पहिला शार्क मारल्याचा प्रसंग आठवतो, आणि त्या वेळी ती तिथे नव्हतीच. हा निव्वळ संकलनातला निर्णय आहे. जुन्या सिनेमातला जोरदार तुकडा नव्याला बळ देईल असं कुणाला तरी वाटलं असणार. प्रत्यक्षात त्या तुकड्याने शेजारी ठेवलेला नवा प्रसंग आणखी अशक्त दिसतो.

जागेचे नियमही सुटतात. शार्क बुडालेल्या जहाजाच्या आत माणसाचा पाठलाग करतो, विमान पाण्यावर उतरलं की त्याला भिडतो, डोकं बाहेर काढून डरकाळी फोडतो. जो प्राणी कुठेही येऊ शकतो आणि काहीही करू शकतो, त्याची भीती वाटायला हवी असं कागदावर वाटतं. पडद्यावर उलटं होतं. सुरक्षित जागाच उरली नाही तर असुरक्षित जागेत पाऊल टाकण्याचा क्षणही उरत नाही. आणि शेवट तर दोन निघाले : एकात बोटीच्या पुढच्या टोकाने शार्क भोसकला जातो, दुसऱ्यात त्याच टोकाने भोसकल्यावर त्याचा स्फोट होतो. या शार्कला मारायला नेमकं काय लागतं हे आधी कुठेही ठरवलेलं नसेल, तर शेवट बदलून काही हाती लागत नाही.

आता तुमची मगर. तुम्हाला एक मोठा फायदा आहे : खऱ्या मगरीचे नियम तयार आहेत आणि काठावरच्या लोकांना ते तोंडपाठ आहेत. ती बहुतेक वेळ निश्चल असते. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असल्याने पाण्यावर जेमतेम दोन उंचवटे दिसतात. झडप घालते ती काठाजवळ, थोड्या अंतरावरून, आणि पाण्याकडे ओढते. जमिनीवर लांबवर पाठलाग करत नाही. थंडीत उन्हाला काठावर पडून राहते. घरट्याजवळ मादी आक्रमक होते. एवढं इमानाने पाळा. म्हणजे तुमच्या फिल्मपुरतं काठापासून चार पावलं मागे माणूस सुरक्षित, आणि पाण्याला हात लावला की धोक्यात. ही रेषा प्रेक्षकाला पहिल्या तीन मिनिटांत दाखवून द्या, पण संवादातून नको. एखादी बाई पाण्याकडे पाठ न करता कपडे धुते. एखादा माणूस खाली न उतरता दोरीने बादली सोडतो. बास.

तुमच्या कथेत शेतकरी रात्री मोटर चालू करायला नदीवर जातो असं तुम्ही लिहिलंय. तो प्रसंग मला फार आवडला, आणि 'जॉज'मधल्या त्या लाकडी धक्क्याचं काम करणारी वस्तू तुमच्याकडे तिथेच पडलेली आहे. नदीत उतरलेला काळा पाइप. लाईट रात्रीची, मोटर पाणी उचलत नाही, फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाच्या व्हॉल्व्हमध्ये, शेवाळ नाहीतर जलपर्णी अडकली असणार, म्हणजे उतरावं लागणार. माणूस गुडघाभर पाण्यात, एक हात पाइपावर. पाइप थोडा हलतो. प्रवाहाने हलला असेल. मग तो प्रवाहाच्या उलट दिशेला सरकतो. हा शॉट मिळाला तर तुम्हाला त्या प्रसंगात मगर लागणारच नाही. त्यासाठी लागेल पाइपाला खालून बांधलेली दोरी आणि ती ओढणारा मित्र. मात्र त्याआधी दोनदा तरी पाइप प्रवाहाने कसा हलतो हे शांतपणे दाखवलेलं हवं. नेहमीचं हलणं ओळखीचं नसेल तर वेगळं हलणं कळणार नाही. लोक हीच पायरी गाळतात, आणि मग एडिटला आलं की माझ्यासारखीला म्हणतात, संगीत टाकून भीती आण.

आवाजावर खर्च करा. मोटरची घरघर प्रसंगभर चालू ठेवा आणि ती बंद पडते तिथे दुसरं काहीही भरू नका. मगरीने झडप घातल्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. पाण्यात पोतं आपटून, ओलं कापड पिळून, जे जमेल ते. फिल्म लोक मोबाईलवर पाहणार असतील तर खोल, घुमणारे आवाज ऐकूच येणार नाहीत, तेव्हा मधल्या पट्टीतल्या आवाजांवर भिस्त ठेवा. महोत्सवात, हॉलमध्ये दाखवणार असाल तर हिशेब वेगळा. हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

फायबरची मगर पूर्ण बनवू नका. डोक्याचा वरचा भाग आणि पाठीचा थोडा तुकडा पुरे. आकाराची काळजी वाटत असेल तर तिच्या शेजारी लहान वस्तू ठेवा. पहिल्या 'जॉज'साठी ऑस्ट्रेलियात खरे शार्क चित्रित केले तेव्हा ते मोठे दिसावेत म्हणून छोट्या पिंजऱ्यात ठेंगण्या माणसाला उतरवलं होतं. आणि पाणी गढूळ असू द्या. त्याच सिनेमातला फुटलेल्या बोटीतून मुंडकं बाहेर येण्याचा शॉट नंतर पुन्हा घेतला तो व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात, पाण्यात दुधाची पावडर मिसळून. तुमच्याकडे शेततळं असेल, त्यात माती कालवली की काम झालं.

हे मी गमतीने सुचवत नाही. झडपेचं किंवा पाण्यात उतरण्याचं कुठलंही चित्रीकरण नदीत करू नका. त्या पट्ट्यात मगरी खरोखर आहेत, माणसं दगावलेली आहेत. रात्रीच्या वेळी दिवे लावून, पाण्यात माणूस उतरवून शूट करणं हा जिवाशी खेळ आहे. नदीचे लांबचे शॉट दिवसा, काठापासून दूर राहून घ्या, आधी वनखात्याला सांगा आणि स्थानिक माणूस बरोबर ठेवा. मगरीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, तेव्हा तिला डिवचून हालचाल मिळवायचा मोहही नको. आणखी एक विनंती. तुमच्या पटकथेत शेवटी गावकरी मगरीला मारतात. 'जॉज'ची मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली पुढे आयुष्यभर शार्कच्या संवर्धनासाठी बोलत राहिले, कारण त्या भीतीचा खऱ्या माशांना त्रास झाला हे त्यांना खुपत होतं. कृष्णाकाठी मगर आणि माणूस यांचं आधीच बिनसलेलं आहे. तुमची मगर सूड घेणारी नको, भुकेली किंवा घरटं राखणारी असू दे. ती जास्त भीतीदायकही होईल, कारण तिच्याशी कुणाचं वैर नसलं तरी ती पाण्यात असणारच आहे.

म्हणजे क्रम असा ठेवा : आधी काठाची रेषा, मग पाइप, मग आवाज, आणि मगर सगळ्यात शेवटी. मगरीचा एकूण वेळ किती ठेवायचा हे आकड्यात सांगता येणार नाही, ते तुमच्या मगरीवर आणि तुमच्या नटावर अवलंबून आहे. माझी पद्धत सांगते. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, झाला की मगरीचे सगळे शॉट काढून ठेवा आणि कथा माहीत नसलेल्या दोन-तीन जणांना फिल्म दाखवा. तुम्ही पडद्याकडे पाहू नका, त्यांच्याकडे पाहा. शेतकरी पाण्यात उतरतो तेव्हा ते सरसावून बसले नाहीत, तर मगर घालून काही सुधारणार नाही, पाइपाचा प्रसंग पुन्हा नव्याने जुळवा. सरसावून बसले, तर मगरीचे शॉट एकेक करून परत घाला, अर्ध्या-पाऊण सेकंदाचे, दर वेळी नवीन माणसांना दाखवून. ज्या शॉटला त्यांची नजर शेतकऱ्याला सोडून मगरीच्या कातडीवर रेंगाळेल, तो आणि त्यानंतरचे काढून टाका.